कागद वाचून दाखवणारी

ईस्ट लंडन, दक्षिण आफ्रिका, ६ मार्च १९९५

ती. नोकुझोला आत्यास,
लिंडेल्वाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बकरीला जुळी झाली हे वाचून बरं वाटलं. त्यातल्या हट्टी पिल्लाला माझं नाव दिलंस, ते मात्र शोभलं नाही तुला.

आता माझी बातमी. मी घर घेतेय. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरांमागच्या भाड्याच्या खोल्यांत राहिले, आता पुरे. अमलिंडा या उपनगरात आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दारात लिंबाचं झाड. विकणारे न्टांटिसो म्हणून रेल्वेतले गृहस्थ आहेत. बदलीवर जोहान्सबर्गला चालले आहेत.

घोडं वकिलापाशी अडलंय. घर नावावर करून देणारा वकील इथे बहुतेक विकणाराच नेमतो. दलालाने मला त्यांच्या वकिलाकडे नेलं. ऑफिस अगदी चकचकीत. त्याने सात पानं पुढे सरकवली. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. मी विचारलं की यात लिहिलंय काय. त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला की बाई, सगळ्यांना हेच असतं. मी डोकं दुखायला लागलं असं सांगून उठले. शिक्षिका असून खोटं बोलले.

शाळेतल्या एकीने फेझेका ड्लोवा नावाच्या वकीलबाई सुचवल्या. त्यांचं ऑफिस कापडाच्या दुकानावर आहे, आणि त्यांना वेळ लागतो म्हणे. दलाल म्हणतो की वेळ लावलात तर घर दुसरा घेऊन जाईल. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता तूच सांग.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
लिंडेल्वा


काला, १४ मार्च १९९५

चि. लिंडेल्वास,
आत्याचे अ. उ. आ.

पिल्लाचं नाव बदलणार नाही. तेही कुणाचं ऐकत नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पेन्सिलीच्या फुल्यांवर येऊन थांबत होते.

ईस्ट बँक वस्तीतलं आमचं घर तू पाहिलं नाहीस. तुझ्या आजोबांनी लाकूड आणि पत्रे जमवून ते स्वतः उभं केलं होतं. बाहेरून निळा रंग. बोटीसाठी आणलेला रंग उरला होता, तो कुणीतरी दिला होता. बंदरावरचा भोंगा झाला की आई चुलीवर पाव वाफवायला ठेवायची, आणि तुझा बाप झाकण उघडून बघून मार खायचा. शनिवारी आल्याचं पेय करायचो. बाटलीचं बूच उडालं की शेजारचे पेले घेऊन हजर. समुद्राचा वारा सुटला की पत्रे वाजायचे. अजून इथे, या डोंगरात, झोपताना मला तो आवाज हवासा वाटतो.

मी अकरा वर्षांची असताना वस्तीच्या सरकारी ऑफिसातल्या कारकुनाने बाबांकडून एका कागदावर सही घेतली. इंग्रजी येणारी घरात मी एकटीच. बाबांनी कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं की घर आपलं झालं ना. मला निम्मे शब्दही कळले नव्हते. पण आई, तुझा बाप, शेजारीण, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सांगितलं की हो, आपलं झालं. बाबांनी शिल्लक होतं ते सगळं घातलं आणि लाकडी जमीन केली, रस्त्याकडे काचेची खिडकी बसवली.

तो कागद नुसता राहण्याचा परवाना होता. नऊ वर्षांनी काळ्यांची वस्ती उठवायला सरकारचे ट्रक आले आणि आम्हाला शहराबाहेर म्डान्ट्सानेत नेऊन टाकलं. बाबा तो कागद ट्रकवाल्याला दाखवत होते. मी हे आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या बापालाही नाही.

तेव्हा जी बाई तुला आपल्या भाषेत सगळं वाचून दाखवेल, तिच्याकडे जा. घर गेलं तर जाऊ दे.

जपून राहा आणि लिहीत राहा.

तुझी आत्या


ईस्ट लंडन, ३ एप्रिल १९९५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आत्या, तू तो कागद नीट वाचला असतास तरी ट्रक आलेच असते. कायदाच तसा होता. अकरा वर्षांच्या पोरीने तो केला नव्हता.

मी ड्लोवाबाईंनाच धरलं. वकील बदलला नाही तर घर नको, असं न्टांटिसोंना सांगितलं, आणि मान्य केलं त्यांनी. बाईंनी दोन तास लावले. एकेक ओळ आपल्या भाषेत वाचली. मला समजलं का हे विचारत नव्हत्या. काय समजलं ते मलाच सांगायला लावत होत्या, मी वर्गात करते तसं.

मग अडलं. न्टांटिसोंचं लग्न चर्चमध्ये झालेलं, म्हणून कायद्याने घर दोघांच्या सामाईक मालकीचं. त्यांनी बायकोच्या सहीचा संमतीचा कागद आणला होता. बाई म्हणाल्या की सही माझ्यासमोर हवी. न्टांटिसो म्हणाले की ती आजारी आहे, गावाहून येऊ शकत नाही. बाई शांतपणे म्हणाल्या की मग मी जाईन. तेव्हा ते उठूनच गेले. दलालाने मला फोनवर ऐकवलं की पहिल्या वकिलाने तो कागद चालवून घेतला असता, घर माझ्याच हट्टापायी गेलं. रडले मी.

बाईंनी न्टांटिसोंच्या बायकोला गावी पत्र टाकलंय.

तुझी,
लिंडेल्वा


काला, ११ एप्रिल १९९५

चि. लिंडेल्वास,
अ. उ. आ.

कायदा मी केला नव्हता, हे मला माहीत आहे. पण लाकडी जमीन माझ्या शब्दावर झाली होती.

तुझं पत्र वाचून एक आठवलं. रविवारी चर्चहून आले की बाबा दारातच बूट काढायचे आणि त्या जमिनीवर अनवाणी फिरायचे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आई विचारायची की कुठे निघालात. ते म्हणायचे की घरी आलोय. नऊ वर्षं ते मालकासारखे चालले. ते चांगलं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

रडणं झालं असेल तर जेवून घे.

तुझी आत्या


ईस्ट लंडन, २९ मे १९९५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

न्टांटिसोंची बायको आली. नाव नोफेलो. आजारी वगैरे काही नाही, चांगली दणकट बाई, कडेवर भोपळा घेऊन आली. ड्लोवाबाईंनी तिला तो संमतीचा कागद दाखवला. तिने सही बघितली आणि म्हणाली की माझ्या नवऱ्याचं अक्षर सुधारलंय. बाईंनी खोट्या सहीचा तो कागद पुरावा म्हणून कुलपात ठेवला. पण खरा धक्का पुढेच होता. नवऱ्याचं शहरात घर आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. तो मजुरांच्या वसतिगृहात राहतो, असं ती चार वर्षं समजत होती आणि त्याला गावाहून मक्याचं पीठ पाठवत होती.

बाईंनी तिला सांगितलं की नको असेल तर सही करू नका, कुणी जबरदस्ती करणार नाही. मी शेजारीच बसले होते. माझं घर चाललं होतं, तरी मला बाईंचा राग आला नाही. नोफेलो म्हणाली की आधी घर बघते.

मी तिला घेऊन गेले. तिने प्रत्येक दार उघडून बघितलं, कपाटंसुद्धा. मग विचारलं की मला इथे एकदा रांधू देशील का. तुझंच आहे अजून, मी म्हणाले. तिने भोपळा चिरला, शिजवला, त्यात मक्याचं पीठ घोटलं. आम्ही दोघी ओट्याशी उभ्यानेच जेवलो. तिने भांडी घासली, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि म्हणाली की झालं, माझं एवढंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सही केली. तिचा अर्धा हिस्सा थेट तिच्याच हातात जाईल, हे बाईंनी बघितलं. कुलपातल्या कागदामुळे न्टांटिसोंनाही येऊन सही करावी लागली; मान खाली घालून बसले होते.

शुक्रवारी घर माझ्या नावावर झालं. फडकं मी अजून तिथून काढलेलं नाही.

तुझा लोभ मला पुरून उरतो. या खेपेला मात्र तो पोस्टाने नको, स्वतः घेऊन ये.

तुझी,
लिंडेल्वा