सात गावांची पाळी

मी, श्यामला अंबादास देशिंगकर, वय ५४, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा माझ्या हृदयावर भरवसा नाही. डोके शाबूत असल्याची खात्री वकिलांनी आत्ताच चार प्रश्न विचारून करून घेतली.

१. राहत्या दोन खोल्या आणि पोस्टातली शिल्लक थोरली बहीण द्वारका, म्हणजे आमची अक्का, हिला मिळावी. भाच्यांनी वाटणीचा विषय तिच्यापुढे काढू नये.

२. माझ्या आधीचे विभागप्रमुख हंबीरराव खाडे यांच्याविषयी. गावोगावच्या ऊसतोडणीची पाळी ठरवणारा प्रोग्राम त्यांनी १९७८ साली लिहिला. नदीपलीकडच्या सात गावांची पाळी दरवर्षी शेवटी लागे. तोवर उसाला तुरा येऊन वजन घटे. १९८२ साली मी संचालकांसमोर म्हणाले, "हे मुद्दाम केलेले आहे." हंबीररावांनी राजीनामा दिला. खुर्ची मला मिळाली. पाळी मात्र शेवटीच राहिली, कारण तो प्रोग्राम मला उलगडेना. अकरा हजार ओळी, कुठूनही कुठे उड्या. एक ओळ बदलली की भलतीकडे बिघडे.

मग पलीकडची धोंडुबाई ऑफिसात आली.
"बाई, यंत्राला आमचा राग हाय व्हय?"
"नाही हो."
"मग शेवटाला का टाकतंय? इचारा की त्याला."

त्या प्रश्नाने चैन पडेना. आमचा ऑपरेटर निसार मुजावर आणि मी दोन वर्षे बसून प्रोग्रामचे चौदा भाग केले, एका भागाला एकच काम. एक भाग सुटा झाला की पाळीची जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवायची. नवव्या भागात हंबीररावांची टीप सापडली: 'पुरात साकव गेला. नदी उतरल्याशिवाय ट्रक जात नाही, तोडलेला ऊस वाळतो. साकव होईपर्यंत ही गावे शेवटी.'

साकव, म्हणजे नदीवरचा छोटा पूल, १९८० सालीच पुन्हा झाला होता.

मी त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, "ती अट काढायची राहिली, चूक माझीच. पण लबाडी न्हवती, बाई." मी माफी मागितली.

ती अट काढल्यावर गेल्या हंगामात सातही गावांचा ऊस डिसेंबरातच गेला. हे कलम कारखान्याच्या वार्षिक सभेत मोठ्याने वाचावे. मी आरोप चारचौघांत केला होता.

३. प्रोग्रामवरच्या माझ्या सर्व वह्या निसारला द्याव्यात. अकराव्या भागातल्या चाळीस ओळी मला अजून कळलेल्या नाहीत. काढल्या तर यादी चुकते. का, ते ठाऊक नाही. त्याने घाई करू नये. उलगडले की अक्काला येऊन सांगावे. तिला त्यातले काही कळणार नाही, पण ती शेवटपर्यंत ऐकून घेईल.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
श्यामला अं. देशिंगकर

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
नृसिंह वामन हेर्लेकर, वकील
हुसेनबी मौलाली शिकलगार, शिक्षिका

कोल्हापूर, १२ मार्च १९८८