मधला तुकडा

नाचणगाव,
बुधवार, १७ मार्च २००४

प्रिय नागेश,

तुझा तो मासा कसा झाला होता रे? फोनवर एवढं रंगवून सांगितलंस आणि पुढे काही कळवलंच नाहीस. सॅमन म्हणालास ना? मी लिहून ठेवलं आहे. हाताशी अंगणवाडीची वही होती, तिच्यात पोरांच्या वजनाखाली तुझा मासा उतरवला. तिखट, मिरपूड, जिऱ्याची पूड, लसणाची पूड, तेल आणि साखर. साखर! वा रे वा, मासोळीला साखर चोळणारा आपल्या खानदानात तूच पहिला. मग चंदेरी पन्नी पसरलेल्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि तापलेल्या ओव्हनमध्ये बारा मिनिटं. धूर नाही, तेल उडत नाही, डोळे चोळणं नाही. ऑफिसातून येऊन कपडे बदलेपर्यंत जेवण तयार. प्रेरणा भात लावते, तू मासा करतोस, नवरा-बायको जोडीनं. ऐकून बरं वाटलं. इथे असताना तू पाण्याचा गिलासही स्वतः भरून घेत नव्हतास.

तुमच्याकडे बुधवारची संध्याकाळ होती, आमच्याकडे गुरुवारचे सकाळचे साडेसात. गुरुवारी घरात मासोळीचं नाव काढलेलंही आईला चालत नसे, पण तुझा बुधवार होता म्हणून तुला माफ. तसं तुला सगळंच माफ असायचं.

सगळ्यात जास्त मला तुझं एक वाक्य लागलं. तू अगदी खुशीत म्हणालास, ताई, इकडे मासा साफसूफ मिळतो, डोकं नाही, शेपटी नाही, काटा नाही, नुसता मधला भाग. मी हो हो म्हटलं आणि तेही लिहून घेतलं. नंतर वहीकडे पाहत बसले. डोकं नाही, शेपटी नाही, म्हणजे माझ्या वाट्याचं त्यात काहीच नाही की! तुला आठवत नसेल. का आठवेल? बाबा मिलच्या सुटीच्या दिवशी नदीवरचा रोहू आणायचे. खवले मी काढायचे, पोट मी साफ करायचे, अंगणातल्या चुलीला फुंकर मी घालायचे. आई हळद-मीठ चोळायची, चिंचेच्या पाण्यानं धुवायची, मग वाटण लावायची. वाढताना मधले तुकडे बाबांना आणि तुला, आणि डोकं-शेपटी मला. एकदा मी हात पुढे केला, तर आईनं पळीनंच बाजूला सारला. पोट्ट्याले शिकाचं हाय, म्हणाली. मी तेव्हा नववीत पहिली आले होते. दहावीला शाळा सोडली ते तुला माहीतच आहे. दोन स्थळं आली, तेव्हा तुझं इंजिनिअरिंग चालू होतं. आई म्हणाली, थांब जराशी. मी थांबले. अजून थांबलेलीच आहे.

पण मी तुझ्यावर नव्हते चिडलेली, खरंच सांगते. लहान होतास. दिलेलं खात होतास.

आईला लकवा मारला त्याला परवाच्या संक्रांतीला दोन वर्षं झाली. डावी बाजू गेली, अर्धं तोंड वाकडं झालं. तिला उठवणं, पुसणं, चादरी बदलणं, सगळं मी करत होते, आणि दहा ते दोन अंगणवाडी. करत होते त्याचं मला काही नाही. मला काय झोंबायचं ते ऐक. शेजारची शकुबाई आली की आई खाटेवर हात आपटून सांगायची, हे माह्या नागेशनं घेऊन देल्ली. खाट मी घेतली होती रे. औषधं कोणाची? नागेशची. पंखा कोणाचा? नागेशचा. कालच फोन केलता त्यानं, लई वेळ बोलला, म्हणायची. तुझा फोन येऊन तेव्हा पाच पाच आठवडे झालेले असायचे. मी तिथेच तिच्या पायाला तेल चोळत बसलेली. एकदा तरी म्हणायचं होतं, रुपा करते म्हणून. एकदाही नाही.

आणि दिवसभर एकच धोसरा, नागेशचा आवाज आयकाव. दुसरं काही मागत नव्हती. फोन बैठकीत आणि तिची खाटही बैठकीत, पण वायर तिथवर पुरत नव्हती. म्हणून मी पुलगावातून लांब वायर आणून बसवली. फोन वाजला की तिच्या उशीशी नेता यावा एवढ्यासाठी. मीच बसवली, हे ध्यानात ठेव.

त्या गुरुवारी फोन वाजला. मला वाटलं, आईची विचारपूस करायला केलास. तू विचारलंस, ताई, आई मासोळीला आधी काय चोळायची गं, या माशाचा वास जात नाही. मी म्हटलं, मला नाही माहीत. मला, खवले काढणारीला! तू म्हणालास, आईला विचार ना. आई जागी होती, नागेश. माझ्या बोलण्यावरून तिनं तुझा फोन ओळखला होता. चांगला हात तिनं पुढे केला होता आणि म्हणत होती, मले दे, मले दे. वायर पुरत होती. मी रिसीव्हरच्या बोलण्याच्या बाजूवर तळवा दाबून धरला आणि मग तुला सांगितलं, आई झोपली आहे. तू म्हणालास, राहू दे मग, उठवू नकोस. किती पटकन म्हणालास! मग मीच तुला विचारलं, कसा करतोस रे मासा, सांग. आणि तू सांगत सुटलास. मी साखर किती चमचे तेही विचारलं. आईचा हात तेवढा वेळ तसाच होता. मग थकून खाली पडला. फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, आई बरी ना? मी म्हटलं, बरी आहे.

पावणेनऊला ती गेली. मी चहा बशीत ओतून आणेपर्यंत गेली होती. तेव्हा तू जेवायला बसला असशील. प्रेमदासकाका धावत आले, म्हणाले, नागेशले फोन लाव. मी रिसीव्हर उचलला, एकही नंबर न दाबता थोडा वेळ कानाला धरला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, लागून नाही राह्यला. असं तीनदा केलं. बाबा नाहीत, तू नाहीस, अग्नी मी दिला. काल तेरवी झाली. या तेरा दिवसांच्या सुतकात तू काय काय खाल्लं असशील, याचा मी रोज सकाळी विचार करत होते. हे पत्र पोचायला आणखी दहा-बारा दिवस लागतील. तेवढे दिवसही खा. फोन करता आला असता, पण फोनवर तू रडला असतास आणि तुझी समजूत मला काढावी लागली असती. ते काम मी सोडलं. आज बाजारातून रोहू आणला, अगदी आईच्या हातच्यासारखा झाला होता, आणि मधला तुकडा मी खाल्ला. हे पत्र मात्र तेवढ्यासाठी नाही लिहिलं. त्या सकाळी फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, काय म्हणे? मी म्हटलं, मासोळी भाजून राह्यला. ती अर्ध्या तोंडानं हसली आणि एकेक शब्द जुळवत तिनं तुला निरोप दिला. सांगते म्हणून मी तिला शब्द दिला होता, म्हणून लिहिते. त्याले सांग, आधी हळद-मीठ चोळजो, अर्धा घंटा ठेवजो, चिंचेच्या पाण्यानं धुजो. अन् काटे पाहून खाजो.

अजूनही तुझीच,
रुपाताई