देऊळगावची दुपार

बाबा,

यांच्या अंगावरून वारं गेलं त्याला आता महिना होत आला. उजवी बाजू लुळी पडली आहे, यांचं बोलणं आम्हाला नीट कळत नाही. मुलगा आणि सून हाताशी आहेत, पण रात्री मी कुणालाच यांच्याजवळ बसू देत नाही. श्वास चालू आहे ना, एवढंच बघत उशाशी बसून राहते. देवापुढे दिवा लावते, ओठ हलतात, पण मन कुठे टेकत नाही. अशात तुमची फार आठवण येते आहे. तुमच्या धीराची नव्हे, तुमच्या भीतीची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तिच्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललोच नाही.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आपण धाड गावात राहत होतो आणि तुम्ही जिनिंगवाल्या शेठचा ट्रक चालवत होता. कापसाच्या गाठी भरायच्या, बुलढाण्याचा घाट उतरायचा आणि मलकापूरच्या रेल्वेवर पोचवायच्या, हे तुमचं काम. सोबत नेहमी हमालचाचा असायचे, मशिदीमागे राहणारे, तुमच्याच वयाचे. त्या दिवशी घाटात ब्रेक लागेना. तुम्ही गाडी दरीकडे जाऊ दिली नाही. डोंगराच्या अंगाला घासत घासत नेलीत आणि तिथेच आदळवलीत. तुम्हाला नुसतं खरचटलं. चाचांची मांडी मोडली. गावानं तुमची वाहवा केली. शेठनंही बोल लावला नाही. गाडी दुरुस्त होऊन आली आणि जिनिंगच्या आवारात तुमची वाट बघत उभी राहिली.

तुमची झोप मात्र गेली ती गेलीच. जरा डोळा लागला की तुमचा उजवा पाय ताठ व्हायचा आणि बाजेच्या सुतळीवर दाबत जायचा, ब्रेक दाबावा तसा. मग दचकून उठायचात आणि उजाडेपर्यंत ओट्यावर बसून राहायचात. चहाची बशी हातात थरथरायची, म्हणून कोणी आलं की तुम्ही चहाच नको म्हणायचात. मी लग्नाच्या वयाची झाले होते, मला सगळं कळत होतं. पण बापाच्या भीतीला काय बोलावं ते सुचत नव्हतं. पुढे शेठचा निरोप आला की बाजारच्या दिवसापर्यंत वाट बघतो, मग दुसरा ड्रायव्हर लावतो. तुम्ही ऐकून नुसती मान हलवलीत. आईनं अंगारा लावून पाहिला, लिंबू उतरवून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, देऊळगावच्या बालाजीला जाऊन येऊ. तुम्ही नको म्हणाला नाहीत. नको म्हणायलाही अंगात जोर लागतो.

आपण तिघं चिखलीला गाडी बदलून देऊळगाव राजाला पोचलो. ते देऊळ अजून डोळ्यांपुढे आहे. सणवार नाही, गर्दी नाही. आई हार घेऊन पुढे जाते आणि तुम्ही मंडपातच थांबता. ती मागे वळून बघते. तुम्ही खांबाला पाठ लावून खाली बसलेले असता.

“मले काई मांगता येऊन नाही राह्यलं,” तुम्ही म्हणता. “देवापुढं उभा राह्यलो तरी घाटच दिसते.”

आई दोन पावलं मागे येते. मग म्हणते, “मंग नका मांगू. बसा इथं नुसते.”

आम्ही दर्शन घेऊन आलो तर तुम्ही झोपला होता. बसल्या जागी कलंडून, डोक्याखाली हात घेऊन. झाडणारी बाई तुमच्याभोवतीची जागा झाडून पुढे गेली. कोणीतरी घंटा बडवली. तुम्ही हलला नाहीत. नैवेद्याची वेळ झाली तशी आई अवघडून उठली, तुम्हाला हलवणार तेवढ्यात पुजाऱ्यांनी तिला हातानंच राहू द्या म्हणून खुणावलं आणि वळसा घालून आत गेले. आई पुन्हा बसली. तिनं मला तुमचा उजवा पाय दाखवला. तो सैल पडला होता, तान्ह्या लेकराच्या पायासारखा बाहेरच्या अंगाला कलला होता. तेव्हा ती तोंडात पदर धरून रडली. इतके दिवस तीही जागीच होती, हे माझ्या तिथे ध्यानात आलं.

उन्हं उतरल्यावर तुम्ही उठलात. परतीची गाडी निघून गेली होती. तुम्ही देवापुढे गेलात, हात जोडलेत आणि लगेच फिरलात. मग स्टँडवर बसून भाकरी आणि चटणी खाल्लीत, पुन्हा मागून घेतलीत. आई पाणी आणायला गेली तेव्हा तुम्ही मला म्हणालात, “भेव हाय अजून, बाई. पण इतके दिवस वाटे, मी झोपलो तं गाडी जाईन खाली. आज वाटलं, कोणीतरी जागं हाय. मी झोपलो तरी चालते.”

बाजाराच्या दिवसाआधीच तुम्ही गाडीवर गेलात. संध्याकाळी परत आलात, “उतरलो” एवढंच म्हणालात आणि जेवायला बसलात. पुढे चाचा लंगडत का होईना, पुन्हा तुमच्याशेजारी बसू लागले. घाटाच्या तोंडाशी तुम्ही दरवेळी गाडी थांबवता, स्टिअरिंगवर हात जोडून बसता आणि मग गिअर टाकता, हे मला त्यांनीच सांगितलं. आई म्हणायची बालाजीनं तारलं, चाचा म्हणायचे माझी दुवा लागली. तुम्ही दोघांनाही “हाव, हाव” म्हणत मान डोलवायचात.

काल दुपारी यांना दूध पाजलं आणि मला बसवेना. कोणाला तरी म्हटलं, आता तुम्ही बघा, आणि खाली चटईवर आडवी झाले. उठले तेव्हा सून दिवा लावत होती. यांनी मध्ये हाक मारली होती म्हणे; तिनं पाणी पाजलं, कूस बदलून दिली. मला काही ऐकू आलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. माझं ते म्हणणं सुनेनं ऐकलं होतं; तिला वाटलं, मी देवावर भार टाकून झोपले. मी तिला तसंच वाटू दिलं. पण बाबा, मी देवाला कधी अहो-जाहो करत नाही. तुम्ही बघा म्हटलं, ते तुम्हाला.