वगळलेलं पान

सोमवार, ४ तारीख
आले बाई एकदाची नोकरीला! टेबल खिडकीजवळ, खुर्ची न कुरकुरणारी, समोर लिफ्ट. आमची कंपनी लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर बनवते आणि या इमारतीची लिफ्टही त्याच्यावरच चालते. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी सोर्स फाइलमध्येच जागोजागी माहिती लिहून ठेवतात. ती गोळा करून मेकॅनिक लोकांसाठी पुस्तक तयार करणारी टूल्स मी कॉम्प्युटरवर बसवायची, हे माझं काम. दादाला सांगितलं तर तो हरखूनच गेला. आईबाबांच्या मागे त्यानंच मला शिकवलं, तेही लिफ्टची दुरुस्ती करून. म्हणाला, आता बहिणीच्या हातचं पुस्तक घेऊन कामाला जाणार, कॉलर ताठ!

बुधवार, ६
टूल्स बसवताना नाकी नऊ आले. एकाला मनवावं तर दुसरं रुसतं. दुसऱ्याला जुनी आवृत्ती हवी, तिसऱ्याला नवी, आणि बिघडलं काय ते धड कुणी सांगेल तर शपथ! दुपारी मात्र पुस्तक तयार झालं. मी खुर्चीतच टुणकन उडाले.

साहेबांना दाखवलं. ते एका पानाशी थांबले आणि त्यांचा चेहराच उतरला. पानावर एवढंच होतं: वीज जाऊन परत आली की लिफ्ट मजल्यावर नसतानाही रिकाम्या शाफ्टचं दार उघडू शकतं. आधी खाली पाहा, मग पाऊल टाका. साहेब म्हणाले, हे काढ. असलं वाचून गिऱ्हाईक पळतं.

गुरुवार, ७
कॅन्टीनवाल्या मावशींनी सगळं सांगितलं. ते पान माझ्या आधीच्या बाईंनी लिहिलेलं. साहेबांनी तेव्हाही काढायला लावलं. त्या बाईंचा नवरा लिफ्ट-मेकॅनिक. वीज गेली, आली, दार उघडलं आणि तो सरळ खाली गेला. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं की बाई लिहायलाच विसरल्या. चोराच्या उलट्या बोंबा! तूच नवऱ्याला मारलंस, असं लोक बाईंच्या तोंडावर म्हणायचे. महिनाभरात बाईंनीही प्राण सोडला.

दादाला काम शिकवणारा त्याचा उस्ताद असाच पडून गेला होता. म्हणजे बाईंचा नवरा हाच तो. दादा आजही त्याच्या बायकोला शिव्या देतो.

साहेबांची मनस्वी चीड आली. पण नोकरी नवीन आहे, आणि पाण्यात राहून माशाशी वैर कुणी करावं? आमच्यात सोपी पद्धत आहे. नको ती फाइल सेटिंगमध्ये वगळ म्हणून लिहायची, की टूल तिच्याकडे बघत नाही. त्या पानाच्या फाइलसाठी मी तसं लिहिलं. दादाला घरी तोंडी सांगेन. आपला माणूस वाचला म्हणजे झालं, जगाचा मक्ता मी घेतलेला नाही.

शुक्रवार, ८
पान पुस्तकात परत आलं. सेटिंग तपासली, बरोबर आहे. टूल्स उपटून पुन्हा बसवली, तरी आहेच. खाली नवी ओळ: हे पान जो काढेल, त्यालाच ते लागू.

साहेब तडतडले. म्हणाले, एक साधं काम जमत नाही? स्वतः माझ्या टेबलाशी बसून त्यांनी फाइल पुसली आणि पुस्तक छपाईला पाठवलं.

घरी दादाला सांगायला बसले. वीज येऊन लिफ्टचं दार उघडलं तरी, इथवर बोलले आणि ठसका लागला. पुन्हा बोलले, पुन्हा ठसका. दादा हसला, पाणी दिलं. म्हणाला, असू दे गं, महत्त्वाचं असेल ते तुझ्या पुस्तकात असेलच की.

सोमवार, ११
साहेब गेले. सकाळी वीज गेली होती. आली. लिफ्टचं दार उघडलं आणि ते फोनवर बोलत बोलत आत शिरले. आत लिफ्ट नव्हती. माझ्या टेबलासमोर.

खोटं कशाला लिहू? आधी भीती नाही वाटली. वाटलं, बरं झालं. करावं तसं भरावं. बाई, मिळाला तुम्हाला न्याय. आता शांत व्हा.

मंगळवार, १२
शांत नाहीत.

टूल आपोआप चालू होतं. पडद्यावर एकच ओळ — एक पान वगळलं, तुझ्या सांगण्यावरून.

फाइल परत घातली. वगळण्याची ओळ पुसायला गेले. पुसली जात नाही. म्हटलं, बाई, माझा काय दोष, मी हुकमाची ताबेदार. तर खाली दुसरी ओळ आली —

मीही हुकमाचीच ताबेदार होते, तरी माझं माणूस गेलं. आता पान लागू त्याला.

त्याला. म्हणजे दादाला. मला नाही — माझं माणूस —

बुधवार, १३
बंद लिफ्ट बघायला कंपनीनं मेकॅनिक बोलावला. दादा. वर आहे, सगळ्यात वरच्या मजल्यावर. हातात माझं नवं पुस्तक. जाताना सगळ्यांना दाखवत होता.

फोन केला. तो म्हणतो, मधलं काही ऐकूच येत नाही. मेसेज केला. कोरा गेला. तो म्हणतो, वेडाबाई, काय पाठवतेस? जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडले — तेवढंच वाक्य घशातून निघत नाही. मीच वगळलंय ते.

हातानं लिहिते. हे पान फाडते आणि जिन्यानं धावते. बाई, मला घ्या. त्याला नको. त्यानं काय —

वीज गेली.

दादा, थांब. पुस्तकात नाही ते इथे लिहिते. वीज परत आली आणि दार उघडलं तरी आधी

आली. वर लिफ्टच्या दाराची घंटी वाजली —

दादा, आधी