चित्राची मागची बाजू

मी, शशिकांत वामन रिसबूड, वय बहात्तर, संगणकाच्या चिप्सच्या कारखान्यातून निवृत्त, राहणार डून लेरी, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सहीला ते लागत नाहीत. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी रेवा हिला मिळावी.

२. माझ्याकडे हॉलंडची, साडेतीनशे वर्षांपूर्वीची एकोणीस छापील निसर्गचित्रं आहेत. स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नसलेले विणकर, पाववाले ती घेत आणि स्वयंपाकघरात खिळ्याने ठोकत. एकाच्या मागे कुणा पाववाल्याच्या बायकोने शाईने लिहिलंय, ‘यंदा नदी गोठली.’ ती ओळ मी येईल त्याला कौतुकाने दाखवत आलो.

३. माझी बायको विभावरी तीन वर्षांपूर्वी गेली. तीही चित्रांमागे पेन्सिलीने लिहायची. म्हणायची, “आपली तरी इथे कुठे जमीन आहे? मग मी का नको लिहू?” माझा जन्म कारखान्यात धुळीचे कण शोधण्यात गेला, मला ते डाग वाटले. मित्र सलील म्हणाला, “खोडून टाक रे, चित्राची किंमत जाते.” एका रविवारी मी अठरा चित्रं साफ केली. न वाचता. पाववाल्याच्या बायकोची ओळ जपली, तिच्याखालची विभावरीची खोडली! विभावरी कपाटात कप लावत होती. इथले लोक काहीही झालं तरी ‘ठीक आहे’ अशा अर्थाने म्हणतात तसं नुसतं “ग्रँड” म्हणाली. पुन्हा तिने एक अक्षर लिहिलं नाही.

आता ती चित्रं तिरप्या उजेडात धरतो. पेन्सिलीच्या खाचा दिसतात, शब्द लागत नाहीत. फार रडू येतं.

४. तो खोडरबर सलीलला द्यावा. हात माझाच होता, तरी द्यावा.

५. अठरा चित्रांचं रेवाने हवं ते करावं. एकोणिसावं किटलीवरच्या भिंतीला होतं, म्हणून माझ्या हातून वाचलं. ते मात्र विकू नये, पुसू नये. रेवा, तुला मराठी कळतं, वाचता येत नाही, तीही चूक माझीच. म्हणून शेजारच्या निवेदिताकडून वाचून घे. आईने लिहिलंय: ‘पुलावरून एक बाई एकटीच चालली आहे. कुठे निघाली असेल, असं ह्यांना विचारलं. ह्यांनी भिंग लावून कागद तेवढा तपासला.’

हे चित्र पाठ बाहेर करून लावावं.

सही: शशिकांत वामन रिसबूड
आम्हा दोघींसमोर सही केली:
१. निवेदिता अंबरीश कर्वे
२. मॉरीन डॉइल, शेजारीण (मजकूर वाचता आला नाही, सही करताना ते रडत होते हे पाहिलं)
डून लेरी, ११ नोव्हेंबर २०२४