बंद खोलीतला शेक

आई, मी नागपूरला आले आहे. आपल्या धाकट्याकडे, माझ्या भावाकडे, मनीषनगरला. तुझ्या वेळी इकडे कोणी फिरकत नव्हतं. आता लिफ्टनं वर जावं लागतं आणि समोरच्या दारातली बाई यायच्या आधी फोन करून विचारते, येऊ का म्हणून. तू असतीस तर म्हणाली असतीस, "विचारते कायले वं, दार तं समोरच हाये." धाकट्याच्या सुनेला मुलगी झाली आहे. आज सकाळी बाळाला न्हाऊ घालणारी बाई आली, तेल चोळून झालं, आंघोळ झाली, आणि मग ती म्हणाली, "गॅलरीत कोळसे पेटवून ठेवले हायेत, आणते आतमंदी. जरासं शेकून देते." खोलीत एसीसाठी खिडक्या गच्च बंद. मी ओरडले. अगं, अशी ओरडले की ती बाई भिंतीलाच टेकली आणि बाळ दचकून रडायला लागलं. धाकट्याची बायको "ताई, काय झालं, काय झालं" करत धावत आली. काय सांगणार? बीपी वाढलं असेल म्हटलं आणि इथं स्वयंपाकघरात येऊन बसले. धाकट्याच्या वहीचं पान फाडून हे लिहिते आहे.

माझा मोठा मुलगा जन्मला तेव्हा आपण सक्करदऱ्याच्या भाड्याच्या घरात होतो. मी बाजेवर पडलेली, तू अंगणात शेगडीशी बसलेली. कोळसे लालभडक होईस्तोवर तू शेगडी उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हतीस. "धूर सरला का भेव सरलं," म्हणायचीस, आणि मग ती बाजेखाली सरकवून वरून ओवा टाकायचीस. तो तडतड आवाज, तो वास, पाठीला लागणारी ऊब. मला तर झोपच यायची. वर छपराच्या कवेलूंच्या फटींतून उन्हाचे कवडसे, खिडकीला काच नाही, नुसते गज, आणि दार तर कधी लागायचंच नाही, कारण मोहल्ल्यातली कोणी ना कोणी बाई "काय म्हणते बाळंतीण?" करत आत शिरायचीच. कोणाची लेक बाळंतपणाला आली की तुला बोलावणं यायचं. तुझ्या हातानं शेकलेलं लेकरू सर्दीनं कधी हैराण होत नाही, असं सगळ्या म्हणत. तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस, पण त्या दिवशी भाजीत तेल जरा जास्त पडायचं.

मग यांना कॅनडात नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल. थंडीचं भेव सगळ्यांनी घातलं होतं, तिथल्या शांततेचं कोणी घातलं नव्हतं. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईच्या घराच्या तळघरात आम्ही भाड्यानं राहत होतो आणि ती वर. एकाच घरात राहून ती खाली यायच्या आधी फोन करायची! मला आधी वाटलं, बाई शिष्ट दिसते. हळूहळू समजलं की तिकडे हाच मान. आपल्याकडे न विचारता येईल तो घरचा, तिकडे न विचारता येईल तो आगाऊ. हिवाळा लागला की हे खिडक्यांच्या चौकटींवर प्लास्टिक ताणून चिकटवायचे, दाराच्या फटीला पट्ट्या मारायचे. नागपुरात आपण वाळ्याच्या ताट्या भिजवून वाऱ्याची वाट पाहत बसायचो, आणि तिकडे वारा म्हणजे चोर. त्याला बोटभर जागा ठेवायची नाही.

अशा घरात तू आलीस, माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला. रामटेकच्या पुढे कधी न गेलेली तू, पदराखाली ओव्याची पुरचुंडी धरून विमानातून उतरलीस. आणि दवाखान्यात पहिल्याच दिवशी काय पाहिलंस, तर नर्स मला बर्फाचं पाणी देऊन राहिली आहे. "मारते का काय हे बाई माह्या पोरीले!" म्हणून तू तो ग्लास हिसकावलास. शेजारच्या खाटेवरची बाई दुसऱ्या दिवशी उठून डोक्यावरून न्हाली, तेव्हा तू तोंड फिरवून बसलीस. घरी आल्यावर पाळण्यासाठी वेगळी खोली असते तिकडे, असं मी सांगितलं तर म्हणालीस, "लेकरू काही पाव्हणं हाये का, वेगळी खोली द्यायले?" मी किती हसले होते. पण तुझं तिथं काहीच चालत नव्हतं हेही मला दिसत होतं. चूल नाही, अंगण नाही, बोलायला कोणी नाही. विजेची शेगडी लावायला तू भीत होतीस. दिवसभर त्या प्लास्टिकच्या खिडकीपाशी बसून बाहेरचा बर्फ पाहायचीस आणि म्हणायचीस, "या देशात माणसं ऱ्हायतात तरी कुठी वं? एकही दिसत नाई."

आणि एक दिवस यांच्याबरोबर दुकानात गेलीस ती उजळलेला चेहरा घेऊनच परत आलीस. तिकडचे लोक उन्हाळ्यात अंगणात मांस भाजतात, त्याच्या कोळशाची पिशवी तुला दिसली होती. "कोळसा भेटते वं इथं! खरा लोणारी कोळसा!" जसा काही माहेरचा माणूस भेटला. "मांस भाजाचा असंन तं असू दे, कोळशाले काय समजते." मलाही आनंदच झाला, आई. हे आपलं आहे, आता तुझं चालेल, असं वाटलं. कोणाच्याच मनात दुसरं काही आलं नाही. यांच्याही नाही, आणि हे तर इंजिनियर.

ती सकाळ मला आजही समोर दिसते. हे ऑफिसला गेलेत, मोठा शाळेत. तू मागच्या दारातल्या बर्फात शेगडी म्हणून जुनी कढई ठेवून कोळसे फुलवते आहेस, लाल होईस्तोवर, धुराचं नाव नाही. मग कढई आत आणून माझ्या खाटेखाली ठेवतेस. ओवा टाकतेस. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तुझं जुनं लुगडं गुंडाळून दाराखाली खुपसतेस. मी डोळे मिटते. पाठ शेकते आहे, बाहेर बर्फ आहे आणि मी सक्करदऱ्यात आहे. "गाल कसे गुलाबी झाले पाहा लेकराचे," तू म्हणतेस. थोड्या वेळानं म्हणतेस, "डोकं काहून जड झालं बाई, चहा पाहिजे." आणि भिंतीला टेकून खाली बसतेस. मला वाटतं, डुलकी लागली तुला.

मग फोन वाजायला लागला. मला ऐकू येत होता. हात उचलावा असं मनात येत होतं आणि हात उचलत नव्हता. माझाच हात, आई, आणि तो माझं ऐकत नव्हता. बाळ रडत का नाही, हे विचारायचं होतं तर तोंडातून आवाज निघेना. फोन थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. त्या क्षणी मला पक्कं समजलं की आम्ही तिघी मरतो आहोत आणि का मरतो आहोत ते मला माहीत नाही. तसं भेव मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

घरमालकिणीनं केला होता तो फोन. ओव्याचा वास वर गेला होता, काय जळतंय ते तिला विचारायचं होतं. आपल्या फोडणीच्या वासावरूनही ती कुरकुरायचीच. फोन कोणी उचलेना, आणि ओली बाळंतीण घराबाहेर जात नाही हे तिनं माझ्याच तोंडून ऐकलं होतं. म्हणून जन्मात पहिल्यांदा ती न विचारता खाली आली. दार ढकललं तर लुगडं अडलं. तिनं खांदा लावून ते उघडलं, बाळाला उचलून बर्फात नेलं आणि आम्हा दोघींना ओढत दारापर्यंत आणलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं की लाल कोळशातून एक वायू निघतो, त्याला ना धूर, ना वास, ना रंग. मोकळ्या घरात तो निघून जातो, बंद घरात माणसाला झोपवतो. हे तुला ते सगळं मराठीत सांगत होते आणि तू बाकाच्या टोकावर पदर तोंडाशी धरून बसली होतीस. मला वाटलं, रडशील. तू रडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "धूर नव्हता जी जावईबापू. मी पाह्यला होता." बाळ वाचलं. पण मेंदूला काही झालं का, ते आज सांगता येणार नाही, मोठी होईल तसं दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. दिसेल! घरी दोन सरकारी बायकाही येऊन चौकशी करून गेल्या, आणि कित्येक दिवस दाराबाहेर पाऊल वाजलं की मी बाळाला छातीशी धरायची, सरकार लेकरू काढून नेतं की काय म्हणून. तू ठरल्याच्या आधीच परत गेलीस. थंडी सोसत नाही म्हणालीस. मी थांब म्हटलं नाही.

पुढे मी तिच्याकडे नुसती पाहत राहायची. मान धरते का, बसते का, हाक मारली की वळते का. ती जरा उशिरा बोलली, तोवर मी दिवसातून दहादा तिच्याकडून 'आई' म्हणवून पाहायची. तीन वर्षांची झाली, तोंडाची टकळी सुरू झाली, तेव्हा कुठे जीव जाग्यावर आला आणि तिला घेऊन मी नागपूरला आले. घरात तू गॅस घेतला होतास. शेगडी दिसली नाही. मोहल्ल्यातल्या बाया म्हणाल्या, "तुयी माय आता कोणाचंच लेकरू हाती घेत नाई वं. काहून का?" मी खांदे उडवले. माझ्या पोरीलाही तू लांबूनच खाऊ द्यायचीस. ती मांडीवर चढायला आली की काही काम आठवल्यासारखी उठायचीस.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तू न सांगता पाणी तापवलंस. नव्या साबणाची वडी काढून ठेवलीस, वाटीत तेल कोमट केलंस. आणि माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "आज तिले मी न्हाऊ घालू का वं?" आपल्या घरात, स्वतःच्या नातीसाठी, तू मला विचारत होतीस.

मी म्हटलं, "आत्ताच तर घातली आई तिला आंघोळ."

ती तिथंच अंगणात खेळत होती, झोपेतून उठलेली, केस कोरडे, विस्कटलेले. तू तिच्याकडे पाहिलंस. "बरं," म्हणालीस, आणि ते तापलेलं पाणी धुण्याच्या बादलीत ओतलंस. पुढच्या वर्षी तू गेल्याची तार आली. ती पोर आता दोन मुलांची आई आहे, धडधाकट, आणि माझ्यासारखीच तोंडाळ.

मी आंघोळ घातली नव्हती, आई. मला तुझ्या हातांचं भेव वाटत होतं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून एवढं लिहिलं. पाठवायचं असतं तर हे वाक्य मी खोडलं असतं.