स्टॅबिलायझरवरचं दही

मिरज,
नोव्हेंबर १९९६

प्रिय कुमुदिनी,

तोंडावर मी तुम्हाला कायम ‘बाई’च म्हणत आलो, कारण तुम्ही पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवता आणि मी आठवीत शाळा सोडली. कागदावर माणूस जरा धीट होतो. राग आलाच तर खालची सही वाचेपर्यंत आवरून धरा.

इकडे थोडा गारवा पडला की लोक मफलर गुंडाळतात, मला हसू येतं. थंडी मी दिल्लीत, तुमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये पाहिली. नोएडाच्या कारखान्यात बिस्किटांची पाकिटं बांधणारं इटालियन यंत्र बसवायला आलो होतो. जेमतेम ओळखीवर तुमचे बंधू अविनाशराव मला घरी घेऊन गेले. ‘मराठी माणूस होटल में? बिल्कुल नाही!’ दोन खोल्या, त्यात तुम्ही तिघं, तरी काच लावलेल्या बाल्कनीत माझी फोल्डिंग खाट पडली. यंत्र बिघडलं की कंपनी मला धाडायची आणि मी तुमच्याकडे उतरायचो. प्रभावहिनी म्हणायच्या, ‘भावजी, खरं सांगा, यंत्र आपणहून बिघडतं की तुम्हीच एखादा स्क्रू ढिला ठेवून जाता?’ मी बसवलेल्या यंत्रात ढिला स्क्रू सापडणार नाही. पण तेव्हा मी हसून मान डोलावली, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या पहिल्या जानेवारीत तुमचं दही लागेना. पातेलं रजईत गुंडाळलंत, कणकेच्या डब्यात ठेवलंत, सकाळी दूध ते दूधच. मी म्हणालो, फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर ठेवा, पण डाव्या अंगाला. आतला ट्रान्सफॉर्मर तिकडे असतो, उजवी बाजू गारच राहते. तुम्ही विचारलंत, ‘हे कुठल्या पुस्तकात आहे, शांतारामजी?’ म्हटलं, हात लावून पाहिलंय. दुसऱ्या दिवशी दही असं लागलं की चमचा उभा राहावा. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीसारखं ते पातेलं तुम्ही घरभर मिरवलंत. यंत्राचं इंग्रजी मॅन्युअल मी डिक्शनरी घेऊन वाचत बसलो होतो. त्या दिवशी एक पान पुढे सरकलं नाही.

तुमच्या घरची रीत अशी की प्रवासाला निघालेल्या माणसाने उंबऱ्यात थांबायचं आणि तळहातावर चमचाभर दही घ्यायचं, म्हणजे तो सुखरूप परत येतो. ते दही तुम्ही द्यायचात. मी निजामुद्दीनला गाडीत बसेपर्यंत हात धुवायचो नाही.

गेल्या फेब्रुवारीत निघालो तेव्हा दही उत्तम लागलं होतं. चहा घेताना मी झाकण उचलून पाहिलं होतं. तुम्ही वाटी घेऊन आलात. मी हात पुढे केला. तुम्ही माझ्या तळहाताकडे पाहत राहिलात आणि वाटी तशीच घेऊन आत गेलात. खाली ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, अविनाशराव ‘अरे यार, ट्रेन छूट जाएगी’ म्हणून ओरडत होते. रिकामा हात खिशात घालून मी जिना उतरलो. परत येऊ नका, याहून स्पष्ट कसं सांगायचं, असं वाटलं. मग नोएडाची कामं निघाली तेव्हा पहाडगंजच्या हॉटेलात राहिलो. तुमची शाळा सुटायच्या वेळी मागच्या गल्लीने जायचो. एकदा वळणावरून तुमची निळी शाल दिसली, तर पानाच्या टपरीआड उभा राहिलो. पान मी खात नाही.

मागच्या आठवड्यात प्रभावहिनी भाचीच्या लग्नाला इथे आल्या आणि भर मांडवात त्यांनी मला धरलं. ‘एवढे यंत्रवाले तुम्ही, आणि इतकं कळू नये? त्या दिवशी कुमुदिनी स्वयंपाकघरात वाटी धरून रडत होती. म्हणाली, वहिनी, दही दिलं की ते जातातच.’ पंगतीत माझ्या पानावर काय काय वाढलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता पत्राचं कारण. गाझियाबादच्या एका कारखान्याने मला कायमचं बोलावलं आहे. नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर घर देतात. समोर अजून मोहरीची शेतं आहेत, आणि स्वयंपाकघरात फ्रिजच्या जागेशेजारी प्लगही आहे. माझी पत्नी जाऊन बारा वर्षं झाली. आईवडिलांच्या आजारपणात तुमचं वय निघून गेलं म्हणतात, मला ते पटत नाही. वय म्हणजे काही ट्रेन नव्हे. कारखान्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येईन, खाट असेल तर उतरेन, आणि निघायच्या सकाळी उंबऱ्यात हात पुढे करीन. तुमच्या मनात नसेल, तर दही द्या. मी ते खाऊन निमूट गाडीत बसेन आणि मिरजेतच राहीन. मनात असेल, तर पातेलं असू द्या तिथेच, स्टॅबिलायझरवर. डाव्या अंगाला.

तुमचाच,
शांताराम